पिल्लू रस्त्यावर दिसेल ते गिळतंय? आम्ही काय चुका केल्या आणि मग काय केलं, पायरी-पायरीने

आमचा ढब्बू गावठी कुत्रा आहे, सोसायटीच्या मागच्या प्लॉटवर सापडलेला. लसी पूर्ण झाल्यावर त्याला खाली न्यायला लागलो आणि पहिल्या आठवड्यात साहेबांनी तोंडात घातलेल्या गोष्टी अशा: गुटख्याच्या तीन पुड्या, आइस्क्रीमची काडी, रसवंतीच्या मागचं उसाचं चिपाड, ताजं शेण, कुणाचा तरी मास्क आणि कोंबडीचं हाड. मी काय करायचे, तर ओरडत धावायचे, खाली वाकायचे, जबडा उघडायचे आणि बोटं घालून ओढून काढायचे. तीन आठवड्यांत तो एक गोष्ट पक्की शिकला, ती म्हणजे ही बाई वाकली की लगेच गिळायचं.

जुलैत टेकडीच्या पायथ्याशी त्याला भुट्ट्याचा दांडा सापडला. मी नेहमीसारखी धावले, त्याने नेहमीसारखा गिळला. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, एक्सरेत नीट काही दिसेना, सोनोग्राफीत दिसलं आणि मग ऑपरेशन. बिलाचा आकडा सांगत नाही, तेवढ्यात एखादी सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा आली असती. यात दोष भुट्टेवाल्याचा नाही आणि ढब्बूचाही नाही. मी धावले नसते तर तो कदाचित चघळत बसला असता.

म्हणून सगळ्यात आधी हे वाचा, बाकी नंतर: पिल्लाच्या तोंडातून ओढून काढायचं नाही, बदली करायची, म्हणजे त्याच्या बदल्यात खाऊ द्यायचा. तुम्ही चोराच्या मागे लागलात की तो चोर होणारच. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

काय काय लागेल

- साधा सहा फुटी पट्टा आणि हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीवरून बांधायचा पट्टा. ते आपोआप लांब होणारे पट्टे पहिले सहा महिने विसरा, पिल्लू पंधरा फूट पुढे असताना तुम्ही काहीही शिकवू शकत नाही.
- कमरेला बांधायची छोटी पाऊच. खिशात चिकन ठेवलंत तर वॉशिंग मशीनमध्ये जातं, अनुभव आहे.
- खाऊ दोन प्रकारचा. रोजच्यासाठी त्याचंच कोरडं खाणं किंवा गाजराचे तुकडे आणि रस्त्यासाठी भारीतलं, म्हणजे उकडलेलं चिकन नाहीतर पनीर. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नको. तुकडे हरभऱ्याएवढे.
- पुरण गाळायची जुनी चाळणी किंवा भाजीची दुरडी. कशाला ते पुढे सांगते.
- लसींचं कार्ड, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर आणि रात्री उघडं असणाऱ्या एका दवाखान्याचा नंबर, तोही आधी फोन करून खरंच उघडं असतं का ते विचारून ठेवलेला.

1. आधी डॉक्टरांकडे जाऊन या

पिल्लं जग तोंडाने तपासतात, त्यांना हात नाहीत. त्यात साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडून 42 पक्के दात येतात, ते सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं आणि तोवर हिरड्या शिवशिवतात, त्यामुळे थोडं चावणं-चघळणं नॉर्मल आहे. पण पिल्लू माती, भिंतीचा चुना, दगड असं हावरटासारखं खात असेल तर ते ट्रेनिंगचं काम नाही. पोटात जंत असू शकतात, खाणं कमी पडत असू शकतं, गोचिडांच्या तापाने रक्त कमी झालेलं असू शकतं. वरचा ओठ उचलून हिरडी बघा, गुलाबी हवी. पांढरट दिसली तर आजच जा, हा लेख उद्या वाचा.

जंताचं औषध बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांपर्यंत दर 15 दिवसांनी आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा देतात, तुमच्या डॉक्टरांचं वेळापत्रक वेगळं असेल तर तेच पाळा. आणि लसींचा कोर्स साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालतो, तो पूर्ण व्हायच्या आत पिल्लाला इतर कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा रोग, विष्ठेतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने टिकतो. तोवर कडेवर घेऊन फिरवा, रिक्षा दाखवा, घंटागाडीचा आवाज ऐकवा, त्याला बाहेरची सवय व्हायला तेवढं पुरतं.

आणखी एक, उपाशीपोटी फिरायला नेऊ नका. आम्ही सकाळी आधी फिरवून मग खायला द्यायचो, म्हणजे भुकेल्या पोराला खाऊगल्लीतून नेल्यासारखंच. आता निघायच्या तासभर आधी थोडंसं देतो, बराच फरक पडला.

2. रस्ता तुम्ही निवडा

ही पायरी लोकांना फालतू वाटते पण पहिल्या महिन्यात हीच सगळ्यात जास्त कामाची. पिल्लाने रस्त्यावरून उचलून खाल्लेला प्रत्येक तुकडा म्हणजे त्याला मिळालेलं बक्षीस, तुम्ही घरात कितीही शिकवा, बाहेर रोज पाच बक्षिसं परस्पर मिळत असतील तर शिकवण्यावर पाणी पडतं.

एकदा पिल्लू न घेता एकट्याने जाऊन या आणि जमिनीकडे बघत चाला. चायनीजच्या गाडीमागे हाडं असतात, मंगल कार्यालयाच्या मागे पत्रावळ्या, वडाच्या पारावर उरलेला प्रसाद, आणि शाळेची भिंत म्हणजे चिप्सची पाकिटं. घंटागाडी येऊन गेल्यावर रस्ता जरा बरा असतो, आधी गेलात तर रात्रभर फाडलेल्या पिशव्या.

सणवाराचंही गणित ठेवा. पितृपक्षात गच्चीवर, कंपाउंडवर कावळ्याला ठेवलेलं पान असतं, वडे-खीर सगळं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी चौकात उतारा असतो आणि त्यात दहीभाताबरोबर कधीकधी टाचण्या टोचलेलं लिंबूही असतं. दिवाळीनंतर आठवडाभर फटाक्यांचा कचरा, संक्रांतीला मांजा. उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी, ज्या भुट्ट्याच्या दांड्यासारख्याच आतड्यात बरोब्बर अडकतात. पावसाळ्यात भेडूक, म्हणजे अंगावर खरखरीत गाठी असलेला तो जाडा बेडूक, पिल्लाने तोंडात धरला की त्याच्या कातडीतून विष येतं आणि तोंडाला फेस येतो. साठलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. ढब्बूला घरचं पाणी नको असतं, डबकंच हवं असतं, काय बोलणार.

सोसायटीतल्या शोभेच्या झाडांकडेही बघा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिला बिट्टी म्हणतात, पानापासून बीपर्यंत सगळी विषारी, थेट हृदयावर परिणाम. सायकस, म्हणजे गेटच्या दोन्ही बाजूंना लावतात तो बुटका पामसारखा दिसणारा, त्याच्या बिया लिव्हर खराब करतात. आमच्या गेटवर दोन्ही आहेत. कमिटीला सांगून बघितलं, मिटिंगमध्ये विषय नोंदवून घेतलाय म्हणे, दोन वर्षं झाली.

3. "थू कर" : घरातच, बदलीचा धंदा

लहान पोराने तोंडात खडा घातला की आपण काय म्हणतो, थू कर. तोच शब्द घेतला. तुम्ही "ड्रॉप" म्हणा नाहीतर काहीही म्हणा, पण घरातल्या सगळ्यांनी तोच म्हणायचा, आजी "टाक टाक" आणि बाबा "नो नो" असं चालणार नाही.

सुरुवात घरात, त्याच्याच खेळण्याने. दोरीचं खेळणं तोंडात असताना नाकाशी चिकनचा तुकडा न्या. तोंड उघडलं की "थू कर" म्हणा, तुकडा द्या आणि मग, हे महत्त्वाचं आहे, खेळणं परत द्या. लोक इथेच चुकतात, खेळणं काढून घेतात. परत मिळतं हे कळलं की पिल्लू सोडायला घाबरत नाही. दोन-तीन दिवसांनी आधी शब्द म्हणायचा, एक सेकंद थांबायचं, मग खाऊ दाखवायचा. शब्द ऐकूनच तोंड उघडलं की समजा जमलं.

मग वस्तू चढत्या भावाने: खेळणं, पुठ्ठा, रिकामी बाटली, पायमोजा आणि शेवटी त्याचं आवडतं चघळायचं हाड, म्हणजे बाजारातलं चघळण्याचं, जेवणातलं नाही. शिजवलेली हाडं कुठल्याच पायरीत नकोत, ती फुटून अणकुचीदार होतात. एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, बास. आम्हाला यात दोन आठवडे गेले, कारण ढब्बूला आधीची भीती होती. पहिले चार दिवस तो खेळणं घेऊन सोफ्याखाली जाऊन बसायचा. मी जवळ गेले की गुरगुरायलाही लागला होता, तेव्हा मी लांबूनच तुकडे टाकत जायचे, हळूहळू स्वतःच बाहेर यायला लागला. तुमचं पिल्लू गुरगुरत असेल तर रागावू नका, तो बिचारा सांगतोय की मला भीती वाटतेय. गुरगुरणं मारून बंद केलंत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल.

4. "राहू दे" : उचलायच्या आधीचा शब्द

"थू कर" तोंडात गेल्यावर आणि "राहू दे" जायच्या आधी. आम्ही आधी "नको" ठेवलं होतं पण घरात दिवसभर नको-नको चालू असतं, त्याला अर्थच उरला नाही. आता गंमत अशी की आई जेवताना "राहू दे, पोट भरलं" म्हणाली की ढब्बू वळून माझ्याकडे बघतो, खाऊ मिळेल म्हणून.

मुठीत साधा तुकडा धरा. पिल्लू चाटेल, पंजा मारेल, दात लावेल, तुम्ही काही बोलू नका. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी "शाब्बास" आणि दुसऱ्या हातातून भारीतला तुकडा. दहा-बारा वेळा झालं की त्याला कळतं की मूठ सोडली की दुसरा हात उघडतो. मग "राहू दे" हा शब्द जोडा. मग उघडा तळहात, मग जमिनीवर तुकडा आणि वर तुमचा पाय, मग पाय बाजूला, मग तुम्ही उभे राहून, मग पट्ट्यावर शेजारून चालत जाताना.

एक नियम कधीही मोडू नका: जमिनीवरचा तो तुकडा बक्षीस म्हणून द्यायचा नाही. बक्षीस नेहमी तुमच्या हातातून. नाहीतर पिल्लू शिकतं की थोडं थांबलं की खालचं मिळतं, आणि रस्त्यावर नेमकं तेच नकोय. "थू कर"मध्ये वस्तू परत देतो आणि इथे देत नाही, यात मीही सुरुवातीला गोंधळले होते. तिकडे खेळणं त्याचं असतं म्हणून परत मिळतं, रस्त्यावरचं त्याचं कधीच नसतं.

5. घरातून रस्त्यावर, पण घाई न करता

घरात शंभर टक्के जमलं म्हणून थेट चायनीजच्या गाडीसमोर नेऊ नका. मी नेलं. पाच सेकंदांत निकाल लागला. पिल्लाच्या डोक्यात हॉलमधलं "राहू दे" आणि रस्त्यावरचं "राहू दे" हे दोन वेगळे विषय असतात. हॉल, मग जिना, मग पार्किंग, मग कंपाउंड, मग शांत गल्ली, असं जा आणि प्रत्येक नवीन जागी एक-दोन पायऱ्या मागे येऊन सोप्यापासून सुरू करा.

आता चाळणी. पार्किंगमध्ये आधी जाऊन पोळीचा तुकडा ठेवा, त्यावर चाळणी उपडी घाला, वर एक दगड ठेवा. मग पिल्लाला घेऊन दहा-बारा फुटांवरून जा. वास येतो, दिसतं, पण मिळत नाही, म्हणजे तुम्ही पट्टा ओढायची वेळच येत नाही. त्याने तिकडे बघून मग तुमच्याकडे बघितलं की तिथेच पार्टी, एकामागून एक चार-पाच तुकडे. ओढतच राहिलं तर तुम्ही फार जवळ आलात, लांब जा. रोज फूट-दोन फूट जवळ. वॉचमन काका मला आठवडाभर बघत होते, शेवटी म्हणाले, "ताई, त्यापेक्षा भाकरीला ठेचा लावून टाका ना खाली, एकदा खाईल, परत नाही खाणार." हा सल्ला तुम्हालाही मिळेलच. करू नका. पिल्लू ठेचा लावलेली भाकरी ओळखायला शिकतं, बाकीच्या भाकऱ्या चालूच राहतात आणि पोट बिघडतं ते वेगळंच.

रस्त्यावर मोबाइल खिशात. हे मी स्वतःलाच सांगतेय. पिल्लू काही उचलतं त्याच्या आधी दोन सेकंद त्याचं नाक खाली जातं, मान ताणली जाते, चाल बदलते. तेवढ्यातच "राहू दे" म्हणायचं असतं, तोंडात गेल्यावर तो शब्द वाया जातो.

आणि त्याने उचललंच तर धावू नका, वाकू नका, "अरे अरे" करू नका. पट्टा सैल ठेवून नेहमीच्या आवाजात "थू कर". नाही सोडलं तर पाच-सहा चिकनचे तुकडे त्याच्या समोर जमिनीवर पसरा, आमच्याकडे याला पाऊस पाडणे म्हणतात. तो टिपत असताना तुम्ही मध्ये उभे राहा आणि गप चालत पुढे निघा. तुम्ही म्हणाल की जमिनीवरचं खायला आपणच शिकवतोय, हो, थोडं तसं आहे, पण हे इमर्जन्सीपुरतं, हाड घशात जाण्यापेक्षा हे परवडतं. जबडा उघडायचा तो फक्त खरंच विषारी किंवा धारदार काही असेल तेव्हाच.

6. नाकाला काम द्या

हे कुणी सांगत नाही. कुत्र्याला हुंगू न देता "खाली बघू नको" म्हणणं म्हणजे लहान मुलाला जत्रेत डोळे मिटून चाल म्हणण्यासारखं. आम्ही रोज गच्चीत त्याचं अर्धं जेवण जुन्या गोधडीच्या घड्यांमध्ये लपवतो आणि "शोध" म्हणतो. वीस मिनिटं रमतो आणि नंतर फिरताना खाण्याची शोधमोहीम निम्म्यावर येते. दात येत असतील तर जुना टॉवेल ओला करून, पिळून, फ्रीजरमध्ये ठेवून तुमच्यासमोरच चघळायला द्या, धागे निघायला लागले की काढून घ्या, अर्थातच बदलीने.

7. मझल लावायला लाजू नका

रस्ता फारच घाण असेल किंवा पिल्लू आधीच एकदा ऑपरेशन टेबलवर जाऊन आलं असेल, तर जाळीचं बास्केट मझल, म्हणजे तोंडावर बसवायची टोपलीसारखी जाळी, घ्या. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारं मझल फिरायला कधीच नको, कुत्री जीभ बाहेर काढून अंग थंड करतात आणि आपल्याकडच्या उन्हात ते तोंड बांधणं जिवावर बेतू शकतं. सवय आठवडाभर करा, आत थोडं दही लावायचं, स्वतःहून तोंड घालू द्यायचं, बकल शेवटी. बघणारे "चावतो का हो?" विचारतात. "नाही, खातो," असं सांगायचं. शेणापुढे मात्र मझल हरतं, जाळीतून बरोबर घुसतं.

प्रेमाने खाऊ घालणाऱ्यांचं काय करायचं ते मला अजून पूर्ण जमलेलं नाही. बिस्किटवाले आजोबा, प्रसादाचा शिरा देणाऱ्या काकू. शिऱ्यात बेदाणे असतात आणि बेदाणे-द्राक्षांनी कुत्र्यांची किडनी फेल होऊ शकते, हे काकूंना चौकात उभं राहून समजावणं अवघड जातं. "डॉक्टरांनी बंद केलंय, ॲलर्जी आहे" हे एक वाक्य चालतं. खोटं आहे, पण चालतं.

8. तरीही काही गिळलं तर

किती वाजता, काय आणि अंदाजे किती, हे लगेच मोबाइलवर लिहा. पाकीट किंवा उरलेला तुकडा पिशवीत घाला, झाडाचं असेल तर फांदीचा फोटो. मग डॉक्टरांना फोन.

मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने मिठाचीच विषबाधा होऊ शकते. टोकदार वस्तू, ॲसिड, रॉकेल असलं काही असेल तर उलटी होताना दुसऱ्यांदा इजा होते. उलटी काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि ती साधारण पहिल्या तास-दोन तासांतच उपयोगी पडते, म्हणून "बघू या संध्याकाळपर्यंत" करू नका. तूप, दूध, केळं हे उपाय विषावर चालत नाहीत.

उंदराच्या औषधाच्या रंगीत वड्या खाल्ल्याचा संशय जरी आला तरी जा, पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी जा. त्यातल्या एका प्रकाराने रक्त गोठणं बंद होतं आणि लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात. आधी पोचलात तर व्हिटॅमिन के देऊन सावरतं.

भेडूक धरला असेल तर ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसत राहा, पाणी ओतायचं असेल तर तोंड खाली करून, म्हणजे घशात न जाता बाहेर पडेल, आणि मग दवाखाना. मांजा किंवा दोरा तोंडातून अथवा मागून लोंबत असेल तर ओढू नका, आत आतडं कापलं जातं.

वारंवार उलट्या, खाणं बंद, शी न होणं, पोट टम्म, हिरड्या पांढऱ्या, तोंडातून सारखी लाळ आणि अंग थरथरणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. ढब्बूच्या वेळी मी पहिल्या दिवसाच्या उलट्या "पावसाळा आहे, होतं" म्हणून सोडल्या होत्या.

फोनवर डॉक्टर सगळ्यात आधी वजन विचारतात, कारण किती खाल्लं तर धोका हे वजनावर ठरतं, आणि पिल्लाचं वजन दर आठवड्याला बदलतं. त्याला कडेवर घेऊन घरच्या वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा आणि आकडा तारखेसकट फ्रीजवर चिकटवा. आमच्या फ्रीजवर अजून आहे, शेवटची नोंद 17 किलो, आणि खाली आईच्या अक्षरात "चिकन कमी करा".